तीन शिंगरं, एक खरेदी: एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

वडील आणि मुलगी. मुलगी चोविशीतली, शाळकरी वयापासून घोड्यावर बसणारी. घरी एक घोडा, सतरा वर्षांचा, खच्ची केलेला, कुणालाही पाठीवर घेईल इतका शांत. त्याचे गुडघे आता कुरकुर करू लागले होते. अजून काही वर्षं हलकी रपेट चालली असती, पण मुलीला हवी तशी लांबची रपेट आणि लहानसहान अडथळ्यांवरच्या उड्या त्याला झेपणाऱ्या नव्हत्या. दुसरा घोडा लागणार हे उघड होतं.

मी त्यांच्या घोड्याचा डॉक्टर. खरेदीआधीची तपासणी माझ्याकडे होती आणि पुढची चार वर्षंही हे प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं. माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

मुलीला शिंगरू हवं होतं. "माझ्या हाताखाली वाढलेला घोडा" हे तिचं जुनं स्वप्न. वडिलांचा हिशोब वेगळा होता: शिकलेल्या घोड्याच्या किमतीच्या चौथ्या हिश्शात शिंगरू येतं, बाकीचे पैसे वाचतात. दोघांचं उत्तर एकच येत असल्यामुळे घरात वाद झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं असं मला तेव्हाही वाटत होतं, कारण दोन्ही कारणं तपासून बघण्यासारखी होती.

मूळ प्रश्न

शिंगरू घ्यायचं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी घ्यायच्या. पहिली, आपल्या हाताबाहेरची: सांधे, खुरांची घडण, जबडा, आईबापांकडून आलेला स्वभाव. दुसरी, सगळी आपल्याच हातात असलेली: खाणं, मोकळी जागा, सोबत, माणसाची सवय. खरेदीच्या वेळी डोळ्यांत भरतो तो बहुधा दुसऱ्या यादीतला माल. चकचकीत अंग, भरलेला पुठ्ठा (म्हणजे मागचा भाग), ऐटीत चालणं. आणि जे पुढे बदलता येणार नाही ते दडलेलं असतं. या कुटुंबाला मी पहिल्याच भेटीत एवढंच सांगितलं होतं की बघायला जाल तेव्हा या दोन याद्या मनात वेगळ्या ठेवा.

पैशाचा हिशोबही कागदावर मांडला. शिंगराला खोगीर चढायला साडेतीन वर्षांच्या आसपास व्हावं लागतं. तोवर चारा, नालबंद, लसी, जंतनाशक, कुंपण, जागा हे सगळं चालूच, आणि सेवा काही नाही. त्यावर शिकवणाऱ्याचा खर्च वेगळा. वडिलांनी आकडे जुळवून पाहिले, पुन्हा जुळवले आणि म्हणाले, "म्हणजे स्वस्त काहीच नाही यात." नाही. शिंगरू स्वस्त पडतं ते फक्त विकत घेण्याच्या दिवशी.

तरीही त्यांनी शिंगरूच घ्यायचं ठरवलं, आणि ते ठरवताना कारण बदललं होतं. पैसे वाचवायला नव्हे, तर मुलीला ते करायचं होतं म्हणून. हा फरक पुढे उपयोगी पडला. अनपेक्षित खर्च आला तेव्हा "आपण फसलो" ही भाषा घरात कुणी काढली नाही.

समोर आलेले पर्याय

तीन ठिकाणी तीन शिंगरं पाहिली.

पहिलं सहा महिन्यांचं नर शिंगरू, काळंभोर. चारच दिवसांपूर्वी आईपासून तोडलेलं, एका बंद खोलीत एकटं ठेवलेलं. बाहेर सोडल्यावर शेपटी वर करून असं काही दुडकलं की मुलीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ वडिलांना म्हणाली, "बाबा, हाच."

मी डोळ्यांभोवती बघत होतो. पापण्यांच्या कडेला बारीक पांढरे केस होते, चष्मा घातल्यासारखी कड. विकणाऱ्याला विचारलं, आई कुठली? त्यानं दाखवली: जवळजवळ पांढरी झालेली घोडी. करडा रंग आईबापांपैकी एकाकडून तरी यावा लागतो, आणि असं शिंगरू जन्मतः काळं, तांबडं, तपकिरी काहीही दिसलं तरी वर्षागणिक पांढरं होत जातं. म्हणजे ज्या रंगासाठी किंमत चढवली होती तो रंग काही वर्षांत जाणार होता. त्यात दोष काहीच नाही, पांढरे घोडे उत्तम असतात. फक्त काळ्याचे पैसे मोजून पांढरा घेतोय हे माहीत असावं.

गंभीर गोष्ट खाली होती. पुढचा उजवा खूर डाव्यापेक्षा उभा, टाच उंच, आणि खुराची पुढची भिंत किंचित आत वाकलेली. "खूर कापायची वेळ चुकली, बाकी काही नाही," असं उत्तर आलं. टाच नुसती वाढलेली असती तर एका कापणीत सुटली असती. पण भिंत आत वाकते तेव्हा मागून ओढणारा स्नायूबंध बरेच दिवस खुराला खेचत असतो. या वयात त्यावर उपाय होतात: खाणं आवरणं, दर काही आठवड्यांनी नेमकी कापणी, गरज पडल्यास शस्त्रक्रिया. पण ते विकणाऱ्यानं आधीच सुरू करायला हवं होतं. उलट शिंगराला दाणा भरपूर चालू होता, अंग गोल गरगरीत. जोमात वाढणाऱ्या शिंगराला जास्तीचा दाणा म्हणजे याच दुखण्याला खतपाणी.

दुसरं मादी शिंगरू, चौदा महिन्यांचं, तांबडं. मोकळ्या रानात आईसोबत आणि आणखी चार-पाच वासरवयाच्या शिंगरांसोबत वाढलेलं. दिसायला अगदीच सुमार. केस राठ, पोट सुटलेलं, बरगड्या हाताला सहज लागणाऱ्या, पुठ्ठा खांद्यापेक्षा चांगला चार बोटं उंच, छाती अरुंद, पुढचे पाय बाहेर वळलेले. माणसाचा हात जवळजवळ लागलेलाच नाही. मोहरकी, म्हणजे दोर बांधायचा तोंडावरचा पट्टा, घातलेली नव्हती.

तिसरा अडीच वर्षांचा. पण विकणाऱ्याच्या सांगण्यानुसार साडेतीन. खच्ची केलेला, तपकिरी, काळ्या आयाळीचा, पाठीवर माणूस घेऊन चालून दाखवलेला. अतिशय समजूतदार. मुलगी त्याच्यावर बसली आणि तो विनातक्रार चालला.

याचं तोंड उघडलं तेव्हा वय कळलं. घोड्याचे पुढचे दुधाचे दात ठरलेल्या क्रमानं पडतात: मधली जोडी साधारण अडीच वर्षांला, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. या घोड्याची फक्त मधली जोडी बदललेली होती, आणि तीही नुकती. नवे रुंद दात वरखाली अजून नीट भिडले नव्हते. शेजारचे दात लहान, पांढरेशुभ्र, हिरडीपाशी निमुळते, म्हणजे दुधाचेच. दोन-चार महिन्यांचा फरक दातांवरून ठामपणे सांगता येत नाही. एका वर्षाचा येतो.

म्हणजे सव्वादोन वर्षांचा असल्यापासून तो मोठ्या माणसाचं ओझं वाहत होता. हाडांची वाढीची टोकं खालून वर मिटत येतात: फेटलॉकच्या, म्हणजे खुराच्या वर दिसणाऱ्या सांध्याच्या, आसपासची वर्षाच्या आतच, गुडघ्यावरची दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास, आणि पाठीच्या मणक्यांची सगळ्यात शेवटी, पाच वर्षांनंतरही. पाठीवर हलका दाब दिला तर तो खाली दबायचा आणि कान मागे टाकायचा. कदाचित हे सगळं विश्रांतीनं भरूनही आलं असतं. पण वयाबद्दल खोटं बोलणाऱ्यानं आणखी काय सांगितलं नाही, हा प्रश्न उरतोच. तिथून आम्ही निघालो.

पहिला निर्णय: काळ्याला नकार

हा सर्वांत अवघड निर्णय होता, आणि तो माझ्या म्हणण्यावरून झाला नाही. मुलीनं एक दिवस मागितला. मग काळ्याच्या दोन थोरल्या सावत्र भावंडांची चौकशी केली. दोन्ही त्याच आईची. त्यांतल्या एकाचा पुढचा खूर उभाच राहिला होता, हे त्याच्या मालकानं स्वतःच सांगितलं. भावंडं बघणं हा शिंगरू पारखण्याचा मला माहीत असलेला सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. शिंगरू चार वर्षांनी काय होईल हे त्याच्याकडे पाहून सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याचा सात वर्षांचा भाऊ मात्र समोर उभा असतो, त्याच्यावर बसूनही बघता येतं.

तांबडीची आई बारा वर्षांची होती, सरळ पायांची, रोज कामात असलेली. तिच्याजवळ आम्ही गेलो तेव्हा तिनं मान वळवून बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. मुलगी शेजारी बसली तरी घोडी हलली नाही. शिंगरू मात्र आईच्या पलीकडे जाऊन उभं राहिलं, पण पळालं नाही. बुजणं आणि घाबरट असणं यांत अंतर आहे. काही वेळानं कुतूहल जिंकलं आणि तिनं लांबूनच मान ताणून मुलीच्या पाठीचा वास घेतला.

दिसण्यातल्या उणिवांपैकी बऱ्याच वयाच्या होत्या. पुठ्ठा आणि खांदा आळीपाळीनं वाढतात, त्यामुळे या वयात मागचा भाग उंच दिसतोच. बाहेर वळलेल्या पायांचं नीट बघावं लागलं: वळण फेटलॉकपासून सुरू झालं असतं तर ते कायमचं. इथे गुडघाही खुराबरोबरच बाहेर बघत होता, म्हणजे वळण वर, कोपराशी. छाती भरत जाते तसे कोपर बाहेर ढकलले जातात आणि पाय आपोआप समोर येतो. वडील म्हणत होते, "नालबंदाकडून सरळ करून घेऊ." त्यांना निक्षून सांगावं लागलं की असं करू नका. वरचं वळण खुरात कापून काढलं तर छाती भरल्यावर तोच पाय आत वळलेला निघतो.

दुसरा निर्णय: क्ष-किरण

तपासणीत हृदय, डोळे, जबडा, बेंबी ठीक. पण डाव्या मागच्या पायाच्या हॉकमध्ये, म्हणजे मधल्या मोठ्या सांध्यात, पुढच्या आतल्या बाजूला थोडं पाणी धरलेलं होतं. बोटानं दाबलं की दुसऱ्या बाजूला सरकायचं. लंगडी नव्हती, गरमही नव्हतं.

या वयातल्या शिंगराच्या हॉकमध्ये असं पाणी दिसलं की पहिला संशय एकच: वाढीच्या काळात कूर्चेचं हाडात रूपांतर व्हायचं ते एका जागी नीट झालेलं नाही आणि छोटासा तुकडा सैल राहिलाय. याला ऑस्टिओकॉन्ड्रोसिस डिसेकन्स म्हणतात, सोयीसाठी ओसीडी. आनुवंशिकता, वाढीचा वेग, खाणं, हालचाल यांचा मिळून तो परिणाम असतो. एक वर्षापर्यंत यातले काही बदल स्वतःहून भरून येतात. त्यानंतर दिसला तर तो राहणार असं धरावं. म्हणून चौदा महिन्यांच्या शिंगराचा क्ष-किरण सहा महिन्यांच्या शिंगरापेक्षा जास्त खरं बोलतो. थोडं मोठं शिंगरू घेण्याचा हा एक फायदा लोक मोजत नाहीत.

वडिलांना एकाच सांध्याचा फोटो हवा होता, कारण पाणी एकातच. पण हॉकमधली ओसीडी अनेकदा दोन्ही बाजूंना असते आणि एक बाजू मुकी राहते. झोपेचं इंजेक्शन देऊन दोन्ही हॉक, मागचे दोन्ही मोठे गुडघे आणि चारही फेटलॉक घेतले. डाव्या हॉकमध्ये तुकडा स्पष्ट. उजव्यातही होता, लहान, जिथे पाण्याचा थेंब नव्हता. बाकी सगळं स्वच्छ.

आता पर्याय तीन होते. सोडून द्यायचं. घ्यायचं आणि वाट बघायची, त्रास झालाच तर पुढे बघू. किंवा घ्यायचं आणि काम सुरू व्हायच्या खूप आधी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं दोन्ही तुकडे काढायचे.

वाट बघण्यात तथ्य आहे. असे तुकडे घेऊन कितीतरी घोडे आयुष्यभर विनातक्रार चालतात. पण इथे एका सांध्यात पाणी होतंच, आणि हिला उड्या मारायच्या होत्या. हॉकच्या या जागेवरच्या शस्त्रक्रियेचा निकाल एरवी चांगला लागतो. माझा कल तिसऱ्याकडे होता, एका अटीवर: खर्चाचा भार किमतीत उतरला पाहिजे. विकणारा माणूस सरळ होता. फोटो त्यानं स्वतः पाहिले आणि दोन दिवसांनी शस्त्रक्रियेच्या जवळपास सगळ्या खर्चाइतकी किंमत कमी केली. सगळं लेखी झालं: वय, काय आढळलं, फोटोंच्या प्रती कुणाकडे. दोष माहीत असून घेतलाय हे कागदावर असणं दोघांच्याही हिताचं असतं.

अनपेक्षित अडचण

इथवर सगळं नीट चाललं होतं. आणि मग एक साधी गोष्ट समोर आली जी आमच्यापैकी कुणाच्याच यादीत वर नव्हती. शस्त्रक्रियेनंतर टाके निघेपर्यंत बंद खोली, मग काही आठवडे हातात दोर धरून रोज मोजकं चालवणं. ज्या शिंगराला कधी कुणी हात लावला नाही ते दोराला कसं चालणार? ओढाताण करून चालवलं तर नुकताच शिवलेला सांधा गेला. खोलीत उधळलं तर तेच.

शस्त्रक्रिया सहा आठवडे पुढे ढकलली आणि एका जुन्या चाबुकस्वाराला, म्हणजे घोडे शिकवणाऱ्याला, बोलावलं. त्यांचं काम मी एक सकाळ बसून पाहिलं. लहान कुंपणात ते शिंगराकडे तोंड न करता, खांदा पुढे ठेवून तिरके उभे राहायचे. तिनं दोन पावलं पुढे टाकली की ते एक पाऊल मागे घ्यायचे. हाताचा मागचा भाग तिच्या मानेला लागला, आणि ती दूर व्हायच्या आधीच त्यांनी तो काढून घेतला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. हात कधी निघेल हे तिनं ठरवायचं नाही, पण तो निघतो याची तिला खात्री पाहिजे, एवढंच ते मुलीला सांगत होते. "तुझी घाई तिला आधी कळते, ताई. मनगट सैल सोड." मोहरकी बारा-पंधरा दिवसांनी चढली. पाय उचलून द्यायला त्यापेक्षा जास्त वेळ गेला, मागचे तर शेवटच्या आठवड्यात.

शस्त्रक्रिया सोळा महिन्यांच्या वयात झाली, दोन्ही तुकडे एकाच वेळी. घरच्या म्हाताऱ्या घोड्याची खोली मुद्दाम शेजारी ठेवली होती, मध्ये जाळी. त्यामुळे ती खोलीत बरीच शांत राहिली. दोराला चालली.

घरचं खाणं आणि वडिलांचं प्रेम

बारीक शिंगरू दारात आलं की घरच्या माणसांना राहवत नाही. शेणाची तपासणी करून जंताचं औषध दिलं, केस उतरले, चकाकी आली. तरी वडिलांना बरगड्या लागायच्या त्या खुपत होत्या. दाणा आणि कोंडा सुरू झाला, आधी मूठभर, मग पाटीभर. मुलीला पत्ता नव्हता. "बाबा, पोतं महिना जायचं, दहा दिवसांत कसं संपलं?" याचं उत्तर तिला माझ्यासमोर मिळालं, कारण मला बोलावणं आलं ते गुडघ्याच्या वरच्या बाजूला आलेल्या फुगवट्यासाठी.

वीस महिन्यांचं वय, दोन्ही पुढच्या पायांत गुडघ्याच्या वर कडक, दाबलं की दुखणारी सूज. वाढीच्या टोकांचा दाह. बंद खोलीतल्या काळानंतर एकदम मोकळीक आणि त्यावर भरपूर दाणा, म्हणजे शरीर अचानक झपाट्यानं वाढायला लागलं. त्यात कोंडा. वाढत्या शिंगराला कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट लागतं. गव्हाच्या कोंड्यात गणित बरोबर उलटं, फॉस्फरस कितीतरी पट जास्त. कोंडा हलका, पचायला सोपा, म्हणून निरुपद्रवी वाटतो.

दाणा पूर्ण बंद, कोंडा बंद, चांगलं वाळलेलं गवत आणि तोलून दिलेली खनिजं. लहान कुंपण, कडक जमिनीवर पळणं नाही, खुरांची बेताची कापणी. दोन महिन्यांत सूज उतरली. वडील नंतर दर पंधरवड्याला हाताच्या तळव्यानं बरगड्या चाचपून वहीत लिहायला लागले: लागतात, दिसत नाहीत. हाच निकष मी त्यांना दिला होता आणि तो त्यांनी माझ्या इतर कुठल्याही अशिलापेक्षा काटेकोरपणे पाळला.

सोबतीचा प्रश्न

म्हातारा घोडा आणि ती, अशी जोडी घरच्या रानात वर्षभर राहिली. त्यानं तिला काही शिस्त लावलीही: खाण्याच्या पाटीजवळ आली की कान टाकायचा, एकदा दात लावले. पण तिच्याबरोबर पळणं, मागच्या पायांवर उभं राहून कुस्ती खेळणं हे त्याच्या वयाला आणि गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. हा सगळा खेळ मग माणसांच्या वाट्याला आला. दोन वर्षांची होईतो ती खांद्यानं ढकलायची, बाही ओढायची, आणि एकदा मुलीच्या समोर पुढचे पाय उचलून उभी राहिली. तिच्या दृष्टीनं तो खेळच होता.

दोर आखडणं, ओरडणं यानं भागलं नाही. शेवटी तिला समवयस्क चार शिंगरं असलेल्या मोकळ्या जागी वर्षभरासाठी पाठवलं. तिथे पहिल्याच आठवड्यात तिच्या पुठ्ठ्यावर चाव्यांचे ओरखडे उठले. मुलगी अस्वस्थ झाली, मला फोटो आले. मी म्हटलं, राहू दे. परत आली तेव्हा ती माणसाच्या अंगाशी अंतर ठेवून चालायला शिकलेली होती, आणि ते कुठल्या माणसानं शिकवलेलं नव्हतं.

परिणाम

साडेतीन वर्षांनंतर आधी जमिनीवरचं काम, लांब लगामावर चालणं, मग पाठीवर हलकं माणूस, थोडा वेळ, थोडे आठवडे. त्यानंतर काही महिने पुन्हा रानात मोकळी. चौथ्या वर्षानंतर नियमित काम. आता ती पाच वर्षांची आहे. लंगडी नाही. डाव्या हॉकमध्ये किंचित भरल्यासारखं दिसतं ते कायम राहिलं. दुखत नाही, फक्त दिसतं. पुढचे पाय समोर आले. लहान उड्या मारते, रस्त्यावर गाड्यांना बुजत नाही, पण पाणी साचलेलं दिसलं की अजून थांबते.

उंची अपेक्षेपेक्षा कमी भरली. वडिलांनी चौदा महिन्यांची असताना दोरीनं कोपरापासून फेटलॉकपर्यंत माप घेऊन तेच वर उलटून मोजलं होतं आणि त्यावरून मोठा आकडा धरला होता. दोरीचं हे माप जुनं आहे, पण कधी लागतं, कधी चुकतं. एका वर्षाच्या शिंगरानं बहुधा शेवटच्या उंचीचे नव्वद टक्के गाठलेले असतात. तो अंदाज आणि आईची उंची यांवरून हिची खरी उंची जवळपास आधीच कळली असती. मुलीला ती पुरते. थोडी जास्त असती तर आवडलं असतं, असं ती मोकळेपणानं सांगते.

खर्चाची बेरीज पाचव्या वर्षी शिकलेल्या सहा वर्षांच्या घोड्याच्या तेव्हाच्या किमतीच्या वर गेली. पहिल्या दिवशी कागदावर मांडलेल्या आकड्यापेक्षाही वर.

वेगळं काय करता आलं असतं

विकणाऱ्यानं एक प्रस्ताव ठेवला होता: शस्त्रक्रियेनंतर चालवण्याचे आठवडे संपले की शिंगरू परत आमच्या रानात सोडा, तीन वर्षांची होईतो राहू दे, महिन्याचा खर्च द्या. मुलीला ती घरी हवी होती म्हणून तो नाकारला गेला. भावना समजते, स्वप्नच ते होतं. पण नंतरच्या दोन्ही अडचणी, दाण्याची आणि सोबतीची, त्या नकारातूनच आल्या. रोज भेटायला जाऊन हाताची सवय ठेवता आली असती. शिंगरू आपल्या दारात वाढलं पाहिजे की आपल्या देखरेखीखाली वाढलं पाहिजे, हे दोन प्रश्न खरेदीआधी वेगळे करायला हवे होते. जागा आणि सोबत आधी ठरवून मग शिंगरं बघायला निघालं असतं, तर काळ्यासमोर उभं असतानाही बोलणं वेगळं झालं असतं.

हात न लागलेलं शिंगरू घेण्यात धोका आहे, पण वाईट हात लागलेलं घेण्यापेक्षा तो कमी. फक्त त्यासाठी लागणारे आठवडे आणि माणूस यांची तजवीज किमतीच्या बोलण्याआधी व्हावी. चाबुकस्वार वेळेवर मिळाले म्हणून निभावलं.

शस्त्रक्रियेबद्दल मतं वेगळी असू शकतात. माझ्याच व्यवसायातले काही जण म्हणतील, उजव्या हॉकला हात लावायची गरज नव्हती. एका भुलीत दोन्ही होत होतं म्हणून केलं. फक्त उजवाच असता तर मीही थांबलो असतो.

सध्या घरात नवा प्रश्न आहे. मुलीला या घोडीचं शिंगरू हवंय. स्वभाव आईसारखा, पाय सरळ, चाल चांगली. बाहेरून बघितलं तर नाही म्हणायला जागा नाही. पण दोन्ही हॉकमधले तुकडे काढून टाकले म्हणून ते वंशातून जात नाहीत, आणि पुढच्या खरेदीदाराला शस्त्रक्रियेच्या बारीक खुणा दिसणारही नाहीत. मी तिला नको असं सांगितलंय. तिचं म्हणणं, ज्याचे हॉक क्ष-किरणात स्वच्छ आहेत असा घोडा निवडला तर? धोका कमी होतो, शून्य होत नाही. त्या घोड्याचे फोटो मागवलेत. ते आले की पुन्हा बसायचं ठरलंय.